मापाडी

भटूदादा नंदुरबारच्या मार्केट यार्डात मापाडी होता.
गोणी काट्यावर चढायच्या आधीच सांगायचा,
एकेचाळीस, शंभर ग्रॅम इकडेतिकडे.
व्यापारी त्याच्यावर चहाच्या पैजा लावत.

त्या वर्षी मार्गशीर्षात
पथारीवर मिरची वाळत होती, नजर पोचेल तिथवर लाल,
आणि तो जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता
नुसते देठ बघत बसलेला.
काय बघतोस, मी विचारलं.
म्हणाला, "सर्वास्ना देठ मनाकडे शेतस."

मग सूतगिरणीचा भोंगा त्याच्यासाठी वाजू लागला.
सुरतेची गाडी अकरा मिनिटं उशिरा आली
ती त्याच्यासाठी.
शाहीनभाभीनं वाळत घातलेली हिरवी ओढणी,
पावतीवर खोडलेला सातचा आकडा,
बातम्या देणाऱ्या बाईचं मध्येच खाकरणं.
उगाच असं काही
जगात उरलंच नाही.

मायनं सात मिरच्या उतरवल्या, चुलीत टाकल्या.
ठसका लागला नाही तर दृष्ट पक्की, म्हणाली.
आमच्या गल्लीत हिवाळाभर हवाच ठसक्याची,
झोपेतसुद्धा माणसं खोकतात.
त्या रात्री कुणीच खोकलं नाही.
अकरावीला रसायनशास्त्र शिकवते मी,
म्हणून हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

धुळ्याच्या डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीमागे
दोन पेशी काढल्या, मध्ये फट, फटीत ठिपके.
डोपामिन, म्हणाले.
नाव मला नवं नव्हतं.
बेंझिनचं कडं, त्याला दोन हायड्रॉक्सिल,
दोन कार्बनांची शेपटी, टोकाला अमाइन:
फळ्यावर अर्ध्या मिनिटात काढते मी,
मुलं वहीत उतरवतात, घंटा होते, पुसून टाकते.

हे जास्त झालं की आवाज ऐकू येतात का?
आवाज नंतर, ते म्हणाले. आधी वजन येतं.
डोक्यानं बाजूला सारायचा कचरा असतो ना,
तोही काट्यावर चढतो आणि काटा खाली जातो.
मग एवढं जड कशापायी, हे माणूस शोधू लागतो.
शोधलं की सापडतंच.
(दादा काय काम करतो
हे त्यांनी अजून विचारलं नव्हतं.)
ग्लुटामेटचंही काहीतरी आहे, म्हणाले,
आणि पेनाला टोपण लावता लावता,
खरं सांगू का बाई, पुरतं कुणालाच ठाऊक नाही.

मायला एवढंच हवं होतं,
की हे तिच्या दुधातून गेलं का.
नाही, ते म्हणाले.
तिनं पुन्हा विचारलं.

पहिल्या दोन गोळ्या वाया गेल्या.
तिसरी क्लोझापिन. अठरा आठवडे
दर सोमवारी दंडाला रबर, पांढऱ्या पेशींची मोजणी,
लॅबवाला पोरगा माझाच विद्यार्थी, नजर टाळणारा.
रात्री दादाची उशी लाळेनं भिजते,
मी खाली टॉवेल घालते. माय घालते, मी नसले की.
वस्तूंचं वजन हळूहळू उतरलं.
त्याचं वाढलं.
अठ्ठावन्नचे एक्क्याऐंशी झाले,
हेही त्यानंच सांगितलं, काट्यावर न चढता,
आणि बरोबर निघालं.

परवा त्याला पथारीवर नेलं.
बायका नाकाला पदर बांधून मिरची उलथत होत्या.
तो बराच वेळ उभा.
देठांकडे मीच बघत होते,
कुठे वळलेत, किती वळलेत.

"लाल शे," म्हणाला.
आणि खूप वेळानं, गावाला गेलेल्या कुणाबद्दल बोलावं तसं,
"पहिले माले वळखेत."

मला काही सुचलं नाही.
परतताना रिक्षात त्यानं माझी पर्स मांडीवर घेतली,
एकदा जराशी उचलून पाहिली.
"दीड किलो," म्हणाला.
"काय भरस वं इतलं?"